गड्ड्यावरची शांबरी

सोलापूर हें प्रवासवर्णनाचें गांव नव्हे, असें आमच्या एका स्नेह्यांचें मत आहे. डोंगर नाहीं, समुद्र नाहीं, थंड हवा तर नाहींच नाहीं. उन्हाळ्यांत तेथें जाणाऱ्यास गांव दिसतच नाहीं, नुसतें ऊन दिसतें. हें सर्व आम्हांस मान्य आहे. तरीहि गेल्या पौषांत नातवास बरोबर घेऊन आम्ही सोलापुरास गेलों आणि चार दिवस राहिलों. त्याची ही हकीकत.

निमित्त सिद्धेश्वराच्या यात्रेचें होतें. पण खरें कारण निराळें. नातू बारा वर्षांचा. त्याचा सारा जीव दोन गोष्टींत: अमेरिकन चित्रकथांतील अचाट वीर, आणि कळ दाबतांच कांहीं तरी चमत्कार दाखविणारीं यंत्रें. कोणता चित्रपट कोणत्या तारखेस यावयाचा आहे, कोणत्या मोबाईलच्या पोटांत कोणता नवा भाग बसविला आहे, हें त्यास पाढ्यांसारखें पाठ. पाढे मात्र पाठ नाहींत. त्याची आई म्हणते, "बाबा, तुम्हीच त्याला शेफारून ठेवलंय." आरोप खोटा नाहीं. हा नाद त्याच्या अंगीं आमच्याकडूनच उतरला आहे. फरक इतकाच, कीं त्याचा उघड आहे आणि आमचा जन्मभर झांकलेला होता.

अशा नादी माणसास हल्लीं इंग्रजींत ‘गीक’ म्हणतात, असें त्यानेंच आम्हांस शिकविलें. शब्द कानास चमत्कारिक लागला म्हणून आम्हीं त्याचें मूळ शोधलें, तों तें जत्रेंत निघालें! विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील फिरत्या जत्रांतून जिवंत कोंबडीचें मुंडकें दांतांनीं तोडून दाखविणारा एक दीन खेळ्या असे. त्यास हें नांव होतें. त्याच्याहि मागें गेलें तर जुन्या बोलींत अर्थ नुसता ‘मूर्ख’. तोच शब्द फिरत फिरत संगणक, चित्रकथा आणि चित्रपट यांत बुडालेल्या हुषार मंडळींचें बिरुद होऊन बसला. संस्कृतांत ‘व्यसन’ शब्दाची गत कांहींशी अशीच आहे. द्यूताचें व मद्याचें तें व्यसन, आणि विद्येचें तेंहि व्यसनच. पहिल्यास शिक्षा, दुसऱ्यास शाबासकी. आणि कोणतें कोणत्या जातीचें हें वर्गांत ठरवावयाचें मास्तरानें. आमच्या हातून हा निवाडा सोलापुरांतच एकदां चुकला आहे. तें पुढें येईल.

पुण्याहून आगगाडीनें निघालों. कुर्डुवाडी मागें पडली कीं जमीन काळी होत जाते आणि आकाश मोठें. स्टेशनाबाहेर ज्या रिक्षेंत बसलों तिचा चालक आमच्याशीं मराठींत बोलला, शेजारच्या रिक्षेवाल्याशीं दखनींत भांडला, आणि वाटेंत फोन आला तेव्हां घरच्या मंडळींशीं कानडींत गोड झाला. तेलुगू तेवढी राहिली होती, ती उतरल्यावर चहाच्या गाड्यावर ऐकूं आली. आम्ही १९८४ पासून कांहीं वर्षें येथील एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. एक धातु शिकवितांना वर्गांत चार तऱ्हांनीं उच्चारला जाई. त्या वेळीं त्याचा राग येत असे, आतां त्याची आठवण येते.

यात्रेचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. बाराव्या शतकांतील शिवयोगी सिद्धराम यांनीं या क्षेत्रांत अडुसष्ट लिंगें स्थापिलीं. त्यांच्याशींच विवाह करीन असा हट्ट धरणाऱ्या एका कुंभारकन्येस त्यांनीं आपल्या योगदंडाशीं विवाह लावण्याची अनुज्ञा दिली. दर वर्षीं भोगीच्या दिवशीं संमती कट्ट्याजवळ तो विवाहसोहळा होतो आणि हजारों हात एकदम अक्षता टाकतात. योगदंडाचें प्रतीक म्हणून सात उंच नंदीध्वज शहरांतून मिरवितात, आणि ते पेलणारे भक्त पांढरी शुभ्र बाराबंदी घालतात. त्या शुभ्र समुदायांत आमचा नातू छातीवर भला मोठा कोळी काढलेला लाल सदरा घालून उभा होता. एका वृद्ध बाराबंदीवाल्यानें त्याच्याकडे निरखून पाहिलें आणि विचारलें, "हे कुठलं दैवत रे बाळा?" नातवानें गंभीरपणें सांगितलें, "स्पायडरमॅन, आजोबा. १९६२ साली पहिल्यांदा आला." म्हाताऱ्यानें मान डोलविली. "नवंच हाय मग," म्हणाला. आम्हांस वाटतें, आपल्या वीराचा वेष अंगावर चढविण्याची हौस सर्वत्र एकच. परदेशांत, आणि २०११ पासून आपल्या देशांतहि, चित्रकथाप्रेमींचे मेळे भरतात व तेथें तरुण मंडळी आवडत्या पात्रांचीं सोंगें घेऊन येतात. आपल्या बहुरूप्यास हें सांगितलें तर तो हंसेल.

होम मैदानावर किल्ल्याच्या आणि सिद्धेश्वराच्या तलावाच्या शेजारीं जी जत्रा भरते तिला सोलापूरकर ‘गड्डा’ म्हणतात. संक्रांत होऊन गेली तरी ती हलत नाहीं. पाळणे, मौतका कुवा, वांकड्या आरशांचें घर, भाजलेल्या शेंगांचा वास, आणि या सर्वांवर कर्ण्यांचा कल्लोळ. नातू पाळण्यांपाशीं थांबला नाहीं. त्यानें नेमकी एक लहानशी राहुटी हुडकून काढली. आंत सहा खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीवर डोळ्यांस बांधावयाचा एक काळा डबा! पैसे भरून आम्ही दोघे बसलों. डबा डोळ्यांवर चढतांच होम मैदान नाहींसें झालें आणि आम्ही एका कड्याच्या टोंकावर उभे राहिलों. खुर्ची हलली, आणि आम्हीं शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा दंड घट्ट धरला. गृहस्थ सज्जन होते. त्यांनीं आमचा धरला होता.

अमरकोशांत मायेस ‘शांबरी’ असा पर्याय आहे. शंबरासुराची ती विद्या. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनीं १८९२ च्या सुमारास कांचेवरील रंगीत चित्रें दिव्यानें पडद्यावर पाडून दाखविण्याचे खेळ सुरू केले, तेव्हां त्यांनीं आपल्या यंत्राचें नांव ‘शांबरिक खरोलिका’ ठेविलें. मुंबईस वॉट्सन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें आलीं, त्याच्याहि आधींची ही गोष्ट. नांव किती नेमकें आहे! हल्लीं यंत्रें पुष्कळ येतात, पण त्यांस असें नांव ठेवणारा कोणी उरला नाहीं.

त्या काळ्या डब्याची कल्पनाहि वाटते तितकी नवी नाहीं. आपले दोन डोळे एकाच वस्तूकडे किंचित् निराळ्या कोनांतून पाहतात, आणि मेंदु तीं दोन चित्रें एकत्र करून खोली निर्माण करतो. चार्लस् व्हीटस्टन यांनीं १८३८ सालीं हें दाखवून दिलें; आरशांच्या साह्यानें दोन डोळ्यांस दोन चित्रें दाखविणारें यंत्रहि त्यांनींच केलें. पुढें १९३९ सालीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत ‘व्ह्यू-मास्टर’ निघाला; त्याच्या एका वाटोळ्या चकतींत चौदा चित्रें, म्हणजे सात जोड्या. आमच्याकडे एक होता. घरांत कोणी नसे तेव्हां आम्ही तो काढून पाहत असूं. आजच्या डब्यांत त्याखेरीज विशेष काय, तर मान वळविली कीं चित्रहि त्याप्रमाणें वळतें. परंतु नातवाचें समाधान झालें नाहीं. बाहेर येऊन तो म्हणाला, "चित्र जाड होतं, आजोबा. ठिपके दिसत होते." आणि मग, "तो डबा उघडून आतलं दाखवतील का?"

हा प्रश्न ऐकतांच आम्ही गड्ड्यावरून उचलले जाऊन १९८६ सालच्या एका दुपारीं येऊन पडलों.

नववीच्या वर्गांत संस्कृतच्या तासास चार मुलें गैरहजर होतीं. शोधतां शोधतां आम्ही शाळेच्या अडगळीच्या खोलीपाशीं आलों. खोलींत अंधार. बाहेर उन्हांत एक मुलगा आरसा धरून बसलेला. त्याची तिरीप खिडकीच्या भोकांतून आंत एका जोड्याच्या खोक्यांत जात होती. खोक्याच्या तोंडाशीं एक निकामी दिवा, म्हणजे विजेचा कांचेचा गोळा, आंतली तार काढून पाण्यानें भरलेला. पाणी भरलेला गोळा भिंगाचें काम करतो. दिवा आणि ऊन यांच्यामध्यें चित्रपटाच्या फितीचा एक तुकडा, मुद्दाम उलटा धरलेला; कारण भिंग चित्र उलटें पाडतें, आणि उलट्याचें उलटें सुलटें होतें. भिंतीवर हातभर उंचीचा नायक रंगीत, किंचित् थरथरत उभा होता. हें सर्व एका मुलानें केलें होतें. तो मागवाल्याच्या घरांतला, घरीं तेलुगू बोलणारा, आमच्या विषयांत जेमतेम उत्तीर्ण होणारा. प्रकाशाचा जो धडा विज्ञानाच्या मास्तरांनीं खडूनें काढून दाखविला होता, तो त्यानें फुटक्या संसारांतून उभा केला होता.

क्षणभर आम्हीहि पाहत राहिलों. मग आम्हांस आमचें मास्तरपण आठवलें. आम्हीं खोकें हिसकावून घेतलें, तें हातांतून पडलें, गोळा फुटला आणि पाणी फरशीवर पसरलें. मुलास दोन छड्या आणि एक व्याख्यान मिळालें: सिनेमाचा नाद, घराण्याचा नाश, वगैरे. फितीचे तुकडे आमच्या टेबलाच्या खणांत गेले. जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां हजेरीपटावर त्याचें नांव नव्हतें.

आतां लाजेची गोष्ट. त्याच दिवशीं संध्याकाळीं त्या तुकड्यांपैकीं दोन आम्हीं खिशांत घालून घरीं नेले व दिव्यासमोर धरून पाहिले. आणि त्याच आठवड्यांत नेहमींप्रमाणें रात्रीच्या खेळास गेलों.

कारण आमचा स्वतःचा नाद असा होता: शहरांतील एका जुन्या चित्रपटगृहांत यंत्र चालविणाऱ्या गृहस्थांशीं आमचा स्नेह जमला होता आणि ते आम्हांस वरच्या खोलींत बसूं देत. खालीं लोक नायिकेकडे पाहत, वर आम्ही यंत्राकडे. कार्बनच्या दोन कांड्यांच्या टोंकांमध्यें विजेची ज्योत पेटे; कांड्या जळून आंखूड होत, म्हणून त्यांतील अंतर सारखें जुळवावें लागे. फीत मिनिटाला नव्वद फूट धांवे. तीन तासांच्या चित्रपटास सुमारें सोळा हजार फूट. पण ती एकसारखी धांवत नसे, हेंच सारें रहस्य. चार खांचांचा एक लहानसा क्रूसाकार तुकडा तिला सेकंदांत चोवीस वेळां ओढी आणि चोवीस वेळां थांबवी. ओढतांना एक फिरतें पातें प्रकाश अडवी, नाहींतर पडद्यावर नुसता चिखल दिसेल. म्हणजे तीन तासांच्या खेळांत प्रेक्षक जवळजवळ निम्मा वेळ निव्वळ काळोखांत बसलेला असतो, आणि त्यास तें ठाऊकहि नसतें! हें प्रथम कळलें तेव्हां आम्हांस जो आनंद झाला तो एखादा कूट श्लोक उलगडल्याच्या आनंदाहून रेसभरहि कमी नव्हता. पण हें आम्हीं वर्गांत कधीं सांगितलें नाहीं. पतंजलीच्या महाभाष्यांत कंसवध प्रत्यक्ष करून दाखविणाऱ्या शोभनिकांचा उल्लेख आहे, तो मात्र अवश्य सांगत असूं; तो जुना होता म्हणून चालत असे.

तें यंत्र आतां गेलें. २००५ पासून चित्रपट उपग्रहावरून थेट चित्रपटगृहांत उतरूं लागले. २०१३ सालीं फूजी कंपनीनें चित्रपटाची फीत करणेंच सोडलें. पुष्कळ यंत्रें भंगाराच्या भावानें गेलीं. गांवोगांवच्या जत्रांतून तंबू ठोकून चित्रपट दाखविणाऱ्या आपल्याकडील मंडळींवर २०१६ सालीं ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नांवाचा माहितीपट निघाला आणि कान येथील महोत्सवांत तो दाखविला गेला. यंत्राविषयीं माणसास किती माया वाटूं शकते हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें तो पाहावा.

सोलापूरचें आणि चित्रपटाचें नातें तसें जुनेंच आहे. अभिनेत्री शशिकला यांचा जन्म १९३२ सालीं येथलाच. ज्यांच्यावर शांतारामबापूंनीं १९४६ सालीं चित्रपट काढला ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस येथलेच. चीनमध्यें युद्धांतील जखमींची शुश्रूषा करीत असतां १९४२ सालीं ते वारले. २०१६ च्या ‘सैराट’चे नागराज मंजुळे याच जिल्ह्यांतील जेऊरचे. कोटणीसांची हकीकत नातवास सांगितली तेव्हां तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "त्यांच्याकडे काही शक्ती नव्हती ना?" आम्हीं सांगितलें, "नव्हती."

तिसऱ्या दिवशीं आम्ही एका जुन्या विद्यार्थ्याच्या कारखान्यांत गेलों. चादरीचे यंत्रमाग चालू होते. तेथें बोलणें म्हणजे ओरडणें. सोलापुरी चादर ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा. तिला आतां भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. पण तिच्यावरचीं तीं फुलें, ते मोर, दोन्हीं बाजूंनीं कसे उमटतात हें अंगावर घेऊन निजणारांपैकीं किती जणांनीं विचारलें असेल? मागाच्या डोक्यावर जॅकार्ड नांवाचें यंत्र बसविलेलें असतें. त्यांतून जाड पुठ्ठ्याच्या भोकें पाडलेल्या पत्त्यांची एक लांबच लांब माळ फिरते. एका आडव्या धाग्यास एक पत्ता. पत्त्यावर जेथें भोंक असेल तेथें सुई आरपार जाते व त्या सुईचा उभा धागा उचलला जातो. भोंक नसेल तेथें सुई मागें ढकलली जाते व धागा खालींच राहतो. मधून धोटा जातो. मग पुढचा पत्ता. भोंक आहे किंवा नाहीं, या दोनच अक्षरांत सारा मोर लिहिलेला असतो.

नातू त्या पत्त्यांकडे टक लावून पाहत होता. "आजोबा," तो आमच्या कानाशीं ओरडला, "हे शून्य आणि एक आहे!"

तो चुकला नव्हता. फ्रान्समधील लियाँ गांवच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनीं १८०४ च्या सुमारास हें यंत्र सिद्ध केलें. त्याच पत्त्यांवरून इंग्लंडांत चार्लस् बॅबेज यांस गणित करणाऱ्या यंत्राची युक्ति सुचली, आणि १८९० सालीं अमेरिकेची खानेसुमारी हर्मन हॉलरिथ यांनीं भोकांच्याच पत्त्यांवर मोजली. आजचा संगणक त्या वंशांतला. १८३९ सालीं जॅकार्ड यांचें चित्र त्यांच्याच यंत्रावर चोवीस हजार पत्ते लावून रेशमांत विणलें होतें. बॅबेज यांच्या घरीं तें टांगलेलें असे आणि पाहुणे तें छापील समजत. जो मुलगा आम्हांस मागवाल्याचा म्हणून यंत्रविद्येच्या वाटेस न जाणारा वाटला, तो असल्या यंत्राखालीं रांगत मोठा झाला होता. हें आम्हांस कळावयास चाळीस वर्षें लागलीं.

आम्हीं त्याची चौकशी केली. कारखानदार त्याचाच वर्गबंधु. "तो ना सर? तो भिवंडीला हाय की आता. पत्ते पाडण्यात त्याच्यासारखा मास्तर नव्हता इथं. आता काम्प्युटरवर डिझाइन करतो. बसा की, लावून देतो फोन." आम्ही नको म्हणणार तोंच फोन लागलाहि.

आम्हीं पुष्कळ दिवस मनांत घोळविलेलें वाक्य बोलावयास सुरुवात केली. पलीकडून आवाज आला, "डबा होय सर! फुटला बघा तो. पण मी त्याच आठवड्यात दुसरा केला की. तुमी पिच्चरला गेला की तुमच्याच खोलीच्या मागं दाखवायचो, बॅटरीवर."

"आम्ही पिच्चरला जात होतों हें तुम्हांला ठाऊक होतें?"

"सगळ्या शाळेला ठाऊक होतं की सर."

आम्हीं विचारलें, मग शाळा कां सोडलीस? तो म्हणाला, वडील अंथरुणाला खिळले, माग कोण चालवणार. डब्याचा त्यांत काय संबंध. चाळीस वर्षें आम्ही जें ओझें मोठ्या ऐटीनें वाहत होतों त्याची त्यास खबरहि नव्हती. पण आमच्या मनास हलकें वाटलें असें मात्र नाहीं. छड्यांचा विषय त्यानें काढला नाहीं, आम्हीं काढला, तेव्हां तो थोडा थांबला आणि म्हणाला, "त्या लागल्या हो सर." मग त्याच दमांत विचारलें, "ते तुकडे हायत का अजून तुमच्याकडं? एकात पावसातला शीन होता."

शोधून पाहतों, असें आम्हीं सांगितलें.

परतीच्या दिवशीं गाडीस दोन तास अवकाश होता. नातवास डबा करावयाचा होता, आणि त्यासाठीं कांचेचा पारदर्शक दिवा हवा होता. पण हल्लींचे दिवे प्लॅस्टिकचे आणि दुधी; त्यांत पाणी कोठून भरणार? चार दुकानें फिरलों. चौथ्या दुकानदारानें माळ्यावरून धूळ बसलेला एक जुन्या चालीचा दिवा काढून दिला आणि विचारलें, "हे चालू हाय का बघू का?" नातू म्हणाला, "नको, चालू नसला तरी चालेल." दुकानदारानें आमच्याकडे पाहिलें. आम्ही कांहीं बोललों नाहीं.

दिवा नव्या चादरींत गुंडाळून नातू खिडकीशीं बसला. कुर्डुवाडीपर्यंत त्यानें मोबाईल काढला नाहीं. मग एकदम म्हणाला, "पण फीत कुठून आणायची, आजोबा?" आमच्या अमरकोशाच्या जुन्या प्रतींत खुणेसाठीं म्हणून दोन तुकडे घातलेले आहेत. ते अजून तेथेंच असतील तर एक त्यास द्यावयाचा, आणि पावसाचा असेल तो भिवंडीस पाठवावयाचा, असें ठरलें.